ईसीजी कोणी वाचावा आणि तो वाचायला कसे शिकावे

हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी त्याच्या स्नायूंतून विजेची एक क्षीण लहर ठरावीक वाटेने पसरत जाते. ही लहर छातीवर आणि हातापायांवर लावलेल्या इलेक्ट्रोडांच्या मदतीने कागदावर आलेखाच्या रूपात उमटवण्याच्या तपासणीला इलेक्ट्रोकार्डिओग्राम, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला ईसीजी, म्हणतात. या तपासणीत सुई टोचावी लागत नाही, रुग्णाला वेदना होत नाहीत, खर्च अल्प असतो आणि पाच-दहा मिनिटांत पट्टी हाती येते. म्हणूनच प्रौढ रुग्णांच्या उपचारात ती रक्तदाब मोजण्याइतकी सवयीची झाली आहे. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत ईसीजीचे यंत्र ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोचले आहे, परंतु यंत्रातून निघालेली पट्टी नेमकी वाचू शकणारी व्यक्ती तिथे प्रत्येक पाळीत हजर असेलच याची खात्री देता येत नाही. यंत्र विकत घेता येते आणि महिनाभरात बसवताही येते. वाचनाचे कौशल्य मात्र माणसांत रुजवावे लागते, टिकवावे लागते, आणि माणसे बदलली की पुन्हा पहिल्यापासून उभे करावे लागते.

हे कौशल्य महानगरापेक्षा वऱ्हाडात अधिक मोलाचे का ठरते, हे समजण्यासाठी हृदयविकाराच्या झटक्याचे वेळापत्रक लक्षात घेतले पाहिजे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत रक्ताची गाठ अडकून प्रवाह पूर्ण थांबला, की त्या भागातील स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. अशा झटक्यात ईसीजीवरील ‘एसटी’ नावाचा भाग आधाररेषेच्या वर उचलला जातो, आणि त्यावरूनच या प्रकाराला ‘स्टेमी’ असे संक्षिप्त नाव मिळाले आहे. त्यावर दोन उपाय आहेत: धमनीत बारीक नळी घालून अडथळा मोकळा करणे, म्हणजे अँजिओप्लास्टी, किंवा गाठ विरघळवणारे इंजेक्शन देणे. निदानापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल आणि रक्तस्रावाचा विशेष धोका नसेल, तर इंजेक्शन आधी द्यावे आणि रुग्ण मग पुढे पाठवावा, हे आज सर्वमान्य धोरण आहे. मेळघाटातील धारणीहून सेमाडोहच्या घाटातून परतवाडामार्गे अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर पडते. अमरावतीहून नागपूर आणखी तेवढेच दूर आहे. पावसाळ्यात मेळघाटातील रस्त्यावर या अंतराला किती तास लागतील, याचा अंदाज कोणी देऊ शकत नाही. अशा ठिकाणी पहिला ईसीजी ज्याच्या हाती पडतो त्याच्या वाचनावर पुढचा सगळा उपचार अवलंबून असतो, कारण शहरातील हृदयरोगतज्ज्ञ तीच पट्टी अचूक वाचेल तेव्हा तिचा अर्धा उपयोग संपलेला असतो. भारतातील ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांतून २०,९३७ रुग्णांची नोंद घेणाऱ्या ‘क्रिएट’ या पाहणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक कालावधी ३६० मिनिटांचा आढळला होता. ती पाहणी शहरांतील रुग्णालयांची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याची कल्पना करता येते.

वऱ्हाडात ही पट्टी प्रथम कोणाच्या हातात येते, हे पाहिल्याशिवाय शिक्षणाचा विचार करणे निरर्थक आहे. बहुतेक ठिकाणी ईसीजी काढणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका, रुग्णांच्या भाषेत ‘सिस्टर’. काही ठिकाणी तंत्रज्ञ असतो, तर रात्रपाळीत हे काम कधी कधी वॉर्डबॉयवर येते. पट्टी पाहणारा डॉक्टर नुकतीच इंटर्नशिप संपवून बंधपत्रित सेवेत रुजू झालेला एमबीबीएस पदवीधर असू शकतो किंवा आयुर्वेदाचा पदवीधर असू शकतो. जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह महाराष्ट्रात सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या सेवेत गाडीवर डॉक्टर असतो, आणि त्यांतही आयुर्वेद पदवीधरांची संख्या मोठी आहे. आरोग्यवर्धिनी केंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारीही बहुतांशी याच वर्गातून आलेले आहेत. साखळीत हृदयरोगतज्ज्ञ सर्वांत शेवटी येतो. शिकवण्याची पुस्तके मात्र बव्हंशी त्यालाच समोर ठेवून लिहिलेली असतात. शिक्षणातील पहिली विसंगती ती हीच.

वाचनाच्या आधी लेखन शुद्ध हवे, आणि ईसीजीचे लेखन म्हणजे इलेक्ट्रोड योग्य जागी लावणे. दहा इलेक्ट्रोडांमधून हृदयाकडे पाहण्याच्या बारा दिशा तयार होतात आणि त्या प्रत्येक दिशेला ‘लीड’ म्हणतात: सहा लीड हातापायांच्या, सहा छातीच्या. लाल तार उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला आणि काळी उजव्या पायाला, हा क्रम चुकून दोन हातांच्या तारा आपसांत बदलल्या, तर पहिल्या लीडमधील सगळ्या लहरी उलट्या उमटतात आणि निरोगी माणसाच्या हृदयाविषयी भलताच संशय उत्पन्न होतो. छातीवरील पहिली जागा, म्हणजे व्ही-१, उरोस्थीच्या उजव्या कडेला चौथ्या व पाचव्या बरगड्यांमधील फटीत असते. व्ही-२ त्याच फटीत डाव्या कडेला. व्ही-४ डाव्या कॉलरच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर पाचव्या बरगडीच्या खालच्या फटीत. व्ही-३ या दोहोंच्या मध्ये. आणि व्ही-५, व्ही-६ व्ही-४च्याच पातळीवर काखेच्या दिशेने. या जागा बोटाने बरगड्या मोजून ठरवायच्या असतात. अंदाजाने लावताना व्ही-१ आणि व्ही-२ बहुधा एक-दोन फटी वर जातात, आणि मग जुना झटका येऊन गेल्यासारखी आकृती उमटू शकते. स्त्रियांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण वाढते, कारण पडदा नसलेल्या खोलीत, नातेवाइकांच्या देखत, लुगडे किंवा पोलके बाजूला करायला वृद्ध बाई तयार नसते आणि घाईत इलेक्ट्रोड मिळेल त्या जागी लावले जातात. एक पडदा, एक परिचारिका आणि दोन मिनिटांचा धीर एवढ्याने ईसीजीची अचूकता सुधारते. म्हणून ईसीजीच्या प्रशिक्षणाचा पहिला तास वर्गात न घेता खाटेजवळ घ्यावा आणि तो परिचारिकांनीच परिचारिकांना द्यावा, हे अधिक योग्य.

कागदाची भाषा त्यानंतर येते. पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकते, त्यामुळे एक लहान चौकोन ०.०४ सेकंदांचा आणि पाच लहान चौकोनांचा मोठा चौकोन ०.२ सेकंदांचा होतो. उभ्या दिशेने १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. लय नियमित असेल तर दोन ठोक्यांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजून त्या संख्येने ३०० ला भागले की मिनिटाचे ठोके मिळतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे विद्युत उद्दीपन ‘पी’ या लहान लहरीने, खालच्या कप्प्यांचे ‘क्यूआरएस’ या टोकदार लहरीने, आणि पुढच्या ठोक्यासाठी स्नायूची पुन्हा सज्ज होण्याची क्रिया ‘टी’ या गोलसर लहरीने दिसते. ही नावे डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांनी रूढ केली. लहरी नोंदवणारे त्यांचे तारेचे गॅल्व्हानोमीटर विसाव्या शतकाच्या आरंभीचे, आणि त्यासाठी त्यांना १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘पी’च्या आरंभापासून ‘क्यूआरएस’च्या आरंभापर्यंत ०.१२ ते ०.२० सेकंद, ‘क्यूआरएस’ची रुंदी ०.१२ सेकंदांपेक्षा कमी, असे काही मोजके अंक पाठ असले की वाचनाला पाया मिळतो. एवढे शिकवायला दोन दिवस पुरतात. अडचण पुढे सुरू होते, जेव्हा विद्यार्थ्याला हे सगळे ठाऊक असूनही समोरच्या पट्टीत काय दडले आहे ते त्याला दिसत नाही.

ही अडचण किती व्यापक आहे, याचा आकडा उपलब्ध आहे. अमेरिकेतील डेव्हिड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली जगभरातील ७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रशिक्षणापूर्वी ईसीजी वाचनाची मध्यक अचूकता ५४ टक्के आणि प्रशिक्षणानंतर ६७ टक्के, असे त्यात आढळले. वैद्यकीय विद्यार्थी ४२ टक्के, निवासी डॉक्टर सुमारे ५६ टक्के, व्यवसाय करणारे डॉक्टर ६८.५ टक्के आणि हृदयरोगतज्ज्ञ जवळजवळ ७५ टक्के, अशी ती चढती भाजणी आहे. या आकड्यांपुढे कोणा एका महाविद्यालयाला किंवा जिल्ह्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. ज्या देशांत साधने मुबलक आहेत तिथेही शिकवून झाल्यावर तीनांतील एक उत्तर चुकते, याचा अर्थ शिकवण्याच्या रूढ पद्धतीतच काही उणे आहे. सर्वांत जास्त चुकणारा वर्ग विद्यार्थ्यांचा आहे, आणि वऱ्हाडात तोच वर्ग पदवीनंतर काही महिन्यांतच ग्रामीण रुग्णालयात एकटा उभा असतो.

अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून, आणि अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून डॉक्टर घडवत आहेत. २०२४ मध्ये अमरावतीसह शेजारच्या बुलडाणा आणि वाशिम येथेही नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. म्हणजे वऱ्हाडात शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची संख्या यापुढे वाढतच जाणार आहे. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात निरोगी व्यक्तीचा ईसीजी काढून वाचणे, आणि पुढे औषधवैद्यकशास्त्रात रुग्णाचा ईसीजी स्वतः काढून त्याचा अर्थ लावणे अपेक्षित आहे. कागदावर ही तरतूद चांगली आहे. परंतु जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात टोबियास राउपाख आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतून एक रोखठोक गोष्ट पुढे आली: ईसीजी व्याख्यानातून शिकवला की लहान गटांत, यापेक्षा त्याचे गुण अंतिम निकालात धरले जातात की नाही, यावर विद्यार्थ्यांचे शिकणे अधिक ठरते. ज्या परीक्षेत दीर्घ प्रश्न, लघु प्रश्न आणि एखादी तोंडी चाचणी एवढेच असते आणि समोर अनोळखी पट्ट्या ठेवून त्या वाचून घेतल्या जात नाहीत, तिथे हे कौशल्य कोणी मनापासून आत्मसात करील अशी अपेक्षा करता येत नाही.

शिकवण्याच्या पद्धतीविषयी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात रोझ हटाला, ली ब्रूक्स आणि जेफ्री नॉर्मन यांनी केलेले काम अधिक उद्बोधक आहे. एका गटाला त्यांनी विकारानुसार उदाहरणे दिली, म्हणजे आधी एकाच विकाराच्या सगळ्या पट्ट्या आणि मग दुसऱ्याच्या; दुसऱ्या गटाला वेगवेगळ्या विकारांच्या पट्ट्या मिसळून दिल्या आणि प्रत्येक वेळी हा विकार कोणता व तो दुसरा का नव्हे, याचा विचार करायला लावले. नव्या पट्ट्यांच्या चाचणीत मिसळून सराव केलेला गट स्पष्टपणे सरस ठरला. याचे कारण ध्यानात येण्याजोगे आहे. पुस्तकाच्या ‘डाव्या शाखेचा अवरोध’ या पानावरील आकृती ओळखायला कष्ट पडत नाहीत, कारण उत्तर पानाच्या माथ्यावर छापलेलेच असते. रुग्ण मात्र माथ्यावर काही लिहून येत नाही. अकोल्याच्या बाजारात कापसाची प्रत पारखणाऱ्याचा हात शेकडो गाड्यांतील भल्याबुऱ्या, ओल्या-सुक्या मालातून फिरूनच तयार होतो. एकाच जातीच्या गंजीजवळ बसवून त्याला पारख येत नाही. ईसीजीची पारखही अशीच मिश्र मालावर होते, आणि तरीही बहुतेक वर्गांत आजसुद्धा सोमवारी हृदयाचे अवरोध, मंगळवारी अनियमित लयी, असा साच्याचा क्रम चालतो.

पद्धतशीर वाचावे की एका नजरेत आकृती ओळखावी, हा जुना वाद आहे. पहिल्या मताचे शिक्षक गती, लय, अक्ष, अंतरे, ‘पी’, ‘क्यूआरएस’, ‘एसटी’, ‘टी’ असा क्रम कधीही मोडू देत नाहीत. दुसऱ्या मताचे म्हणतात की अनुभवी डॉक्टर पट्टी पाहताक्षणीच निदान करतो आणि क्रम नंतर लावतो. केव्हिन ईव्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ साली नवशिक्यांवर केलेल्या प्रयोगात दोन्ही एकत्र वापरायला सांगितल्यास दिशाभूल करणाऱ्या माहितीतूनही ते अधिक चांगले सावरतात, असे आढळले. त्यामुळे नवशिक्याने प्रथम मनात आलेले निदान मोकळेपणाने म्हणून टाकावे आणि त्यानंतर क्रमाने पाहत ते तपासावे, ही रीत सर्वांत हिताची दिसते. रुग्णाची हकिगत आधी सांगावी की नंतर, यालाही महत्त्व आहे. खरी हकिगत वाचन सुधारते, चुकीची हकिगत बिघडवते, हेही हटाला यांच्या गटानेच दाखवले आहे. वऱ्हाडातील रुग्ण ‘छातीत दुखते’ असे म्हणेलच असे नाही. ‘जीव घाबरून रायला’, ‘गॅस चढला’, ‘घाम सुटून रायला’ असे तो म्हणतो, तर मेळघाटातील कोरकू भाषक आजीचे म्हणणे नातवाच्या तोंडून मराठीत उतरते आणि उतरता उतरता निम्मे गळते. मधुमेही रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, झटका छातीत न दुखता नुसती धाप लागून किंवा गळून गेल्यासारखे होऊनही येतो. म्हणून रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी कोणाचा काढायचा, हे ठरवणे हाही वाचनशिक्षणाचाच भाग मानायला हवा.

परदेशी पुस्तकांतील उदाहरणांवर सगळी भिस्त ठेवली, तर या भागातील काही महत्त्वाच्या पट्ट्या विद्यार्थ्याला कधी दिसतच नाहीत. कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकाची विषबाधा हा नित्याचा प्रसंग आहे. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळसह विदर्भात अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील विषात ‘क्यू’पासून ‘टी’च्या शेवटापर्यंतचे अंतर लांबू शकते आणि त्यातून जीवघेणी लय उद्भवू शकते, म्हणून अशा रुग्णाचा एकच ईसीजी पुरत नाही. कुंपणाला सर्रास लावल्या जाणाऱ्या बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बिया खाल्ल्यास हृदयाचे ठोके मंद होतात आणि वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश अडतो; ही आकृती वेळेत ओळखली तर तात्पुरता पेसमेकर असलेल्या ठिकाणी रुग्ण पाठवता येतो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या रुग्णांत वरचे कप्पे अनियमित थरथरतात, आणि ती पूर्णपणे अनियमित लय पट्टीवर ओळखणे अवघड नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील खाऱ्या भूजलाच्या गावांत, मूत्रपिंडाच्या विकाराविषयी लोक आणि डॉक्टर दोघेही दीर्घकाळ चिंता व्यक्त करत आले आहेत. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम वाढले, की प्रथम ‘टी’ लहर उंच व अणकुचीदार होते, मग ‘पी’ लोपते, ‘क्यूआरएस’ रुंदावते आणि शेवटी सगळी पट्टी एका लाटेसारखी दिसू लागते. रक्ताचा अहवाल यायला दोन तास लागणार असतील, तर कॅल्शियमचे इंजेक्शन देण्याचा निर्णय या पट्टीवरूनच घ्यावा लागतो. ग्रामीण डॉक्टरला शिकवायचे असेल, तर दुर्मीळ जन्मजात विकारांच्या आकृत्यांपेक्षा या मोजक्या आकृत्यांवर जास्त वेळ घालवणे श्रेयस्कर.

झटक्याच्या बाबतीतही शिक्षण नेमके हवे. लगतच्या दोन लीडमध्ये ‘एसटी’ एक मिलिमीटर उचलला असेल तर संशय घ्यावा, हा साधा नियम सर्वांना ठाऊक असतो. व्ही-२ आणि व्ही-३ साठी मर्यादा वेगळी आहे, चाळिशीपुढील पुरुषांत दोन मिलिमीटर, चाळिशीच्या आतील पुरुषांत अडीच आणि स्त्रियांत दीड, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ या लीडमधील उचल हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दाखवते, आणि अशा वेळी छातीच्या उजव्या बाजूला इलेक्ट्रोड लावून आणखी एक नोंद घ्यायला हवी, कारण उजवा कप्पाही सापडलेला असेल तर सवयीने जिभेखाली ठेवलेली सॉर्बिट्रेटची गोळी रक्तदाब एकदम खाली आणू शकते. व्ही-१ ते व्ही-३ मध्ये ‘एसटी’ खाली दबलेला दिसला, तर तो मागच्या भिंतीच्या झटक्याचे आरशातील प्रतिबिंब असू शकतो. पहिला ईसीजी सर्वसाधारण आला म्हणजे झटका नाही असे होत नाही. दुखणे चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढावा. यातील प्रत्येक वाक्यामागे एक उपचार आहे. ज्या वाक्यामागे उपचार नाही ते नवशिक्याच्या अभ्यासातून निर्धास्तपणे वगळता येईल.

प्रत्येकाला सगळे शिकवण्याचा आग्रह सोडला, तर काम पुष्कळ सोपे होते. परिचारिकेने इलेक्ट्रोड अचूक लावावेत, तारांची अदलाबदल ओळखावी, आणि ‘एसटी’ची उचल, अतिमंद गती, अतिवेगवान रुंद लय व थरथरणारी रेषा एवढ्या चार गोष्टी दिसताच डॉक्टरला बोलवावे, निदानाचे नाव सांगण्याचा भार तिच्यावर नको. रुग्णवाहिकेवरील डॉक्टरने याखेरीज गाडी कुठे न्यायची ते ठरवावे. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरने इंजेक्शन द्यावे की न द्यावे, याचा निर्णय घेण्याइतके शिकावे आणि रक्तस्रावाचा धोका असलेली कारणे तोंडपाठ ठेवावीत. हे शिक्षण मराठीतून होणे आवश्यक आहे. संज्ञा जशा रूढ आहेत तशाच राहू द्याव्यात, पण समजावणे, प्रश्न विचारणे आणि चुकणे मातृभाषेत घडले तरच परिचारिका शंका बोलून दाखवते, आणि शंका बोलून दाखवणारा वर्गच शिकतो. मेळघाटात उतावली येथे डॉ. आशिष सातव यांच्या महान ट्रस्टने गावातील आरोग्यसेवकांना प्रशिक्षण देऊन प्रौढांमधील मृत्यू कमी करण्याचे जे काम केले आहे, ते ईसीजीपुरते मर्यादित नाही. परंतु औपचारिक पदवी नसलेल्या माणसालाही नेमके आणि मोजके शिकवले तर तो जबाबदारी पेलतो, याचा विश्वास या भागाला त्यातून मिळाला आहे.

आता बहुतेक यंत्रे पट्टीच्या माथ्यावर निदानही छापून देतात. त्या छापील ओळीने डॉक्टरचे डोळे किती बांधले जातात, हे अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले: यंत्राचे निदान बरोबर असेल तर निवासी डॉक्टरांचे वाचन सुधारत होते, पण ते चुकीचे असेल तेव्हा डॉक्टर स्वतःचे बरोबर निदान सोडून यंत्राच्या मागे जात होते. प्रशिक्षणात ती ओळ कागदाने झाकून ठेवण्याची शिस्त म्हणूनच लावायला हवी. स्वतःचे वाचन लिहून झाल्यावर ती उघडावी.

दूरचा तज्ज्ञ ही दुसरी मदत. ही कल्पना नवी नाही. आइन्थोव्हेन यांनी १९०६ साली लायडनमधील रुग्णालयातील रुग्णांच्या हृदयाचे विद्युतसंकेत टेलिफोनच्या तारेने सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत आणून नोंदल्याचे प्रसिद्ध केले होते, कारण त्यांचे अवजड यंत्र रुग्णाकडे नेणे शक्य नव्हते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०२१ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू केलेल्या स्टेमी प्रकल्पात ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील ईसीजी इंटरनेटवरून तज्ज्ञांकडे जातो आणि काही मिनिटांत उत्तर येते. असे जाळे काय साधू शकते, याचा पुरावा तमिळनाडूतून मिळाला आहे: थॉमस अलेक्झांडर, अजित मुल्लासरी आणि सहकाऱ्यांनी २,४२० रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडल्यानंतर वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. अँजिओप्लास्टीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागू शकतो, त्यामुळे जाळ्याचे दुसरे टोकही गरिबाला बंद नाही. तरीही पट्टी पाठवण्याचा निर्णय अलीकडच्या टोकालाच होतो. ज्याला संशयच आला नाही तो पट्टी पाठवणार नाही, आणि मेळघाटात नेटवर्क गेले तर पाठवू इच्छिणाऱ्यालाही स्वतःच्या डोळ्यांवर अवलंबून राहावे लागेल.

या सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे, आणि ती पैशाने भरून येणारी नाही. अचलपूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या डॉक्टरने पट्टी वाचली, निर्णय घेतला आणि रुग्ण पुढे रेफर केला, की त्या रुग्णाचे पुढे काय निघाले हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. अँजिओग्राफीत कोणती धमनी बंद सापडली, आपला संशय खरा होता की व्यर्थ, आपण घरी सोडलेला रुग्ण दोन दिवसांनी परत आला का, याची माहिती मागे फिरत नाही. जिल्ह्याची रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, अशी राज्याची रचना असल्याने रुग्णाचा कागद एका खात्यातून दुसऱ्यात जातो, पण उत्तर उलट येण्याची वाटच आखलेली नाही. खासगी रुग्णालय मध्ये आले तर विषयच संपतो. चुकीचे उत्तर चुकीचे होते हे कळल्याशिवाय कोणतेही वाचनकौशल्य वाढत नाही. वीस वर्षे रोज ईसीजी पाहणारा डॉक्टर वीस वर्षे तीच चूक करीत राहू शकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. नव्या महाविद्यालयांना जिल्हा रुग्णालयेच अध्यापनासाठी जोडली जात असल्याने ही वाट आखण्याची संधी आता आहे: पाठवलेल्या प्रत्येक रुग्णामागे अंतिम निदानाच्या दोन ओळी मूळ रुग्णालयाला परत जाव्यात, आणि महिन्यातून एकदा त्या पट्ट्या घेऊन महाविद्यालयातील शिक्षकाने तालुक्याला जाऊन परिचारिका, रुग्णवाहिकेवरील डॉक्टर आणि वैद्यकीय अधिकारी यांना एकत्र बसवावे.

अशा बैठकांतूनच वऱ्हाडातील पट्ट्यांचा संग्रह उभा राहू शकतो: बिट्टीचा, फवारणीच्या विषाचा, वाढलेल्या पोटॅशियमचा, चुकलेल्या तारांचा, आणि सर्वांत उपयुक्त म्हणजे संशय आला पण झटका निघाला नाही अशांचा. त्यासाठी एक व्यवहारी काळजी घ्यावी लागते. ईसीजीचा कागद उष्णतेला संवेदनशील असतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या पट्ट्यांवरील रेघा काही काळात पुसट होतात किंवा कागदच काळवंडतो. म्हणून पट्टी निघाल्या दिवशीच तिची झेरॉक्स किंवा सरळ, सावली न पडलेले छायाचित्र घ्यावे, त्यावरील रुग्णाचे नाव व नोंदणी क्रमांक झाकावा, वय, लिंग, लक्षणे सुरू झाल्याची वेळ आणि पट्टी काढल्याची वेळ लिहावी, आणि अंतिम निदानासाठी खाली जागा मोकळी सोडावी.